विहीर हातभर खाली

मोहोपाड्याच्या कॉलनीतून आमचा टेंपो निघाला तेव्हा, मंदा, तू क्वार्टरच्या दारात उभी राहून रडत होतीस आणि माझं सगळं लक्ष फ्रिज आडवा पडतोय का याच्याकडे होतं. धाकट्या जावेच्या गळ्यात पडून चार अश्रू मीही ढाळायला हवे होते. ते नंतर ढाळले, वडखळच्या नाक्यावर चहा पिताना, तेव्हा बघायला कुणी नव्हतं. निरोप द्यायला तुम्ही दोघं गावाहून आला होतात, गणपतभाऊजी तांदळाचं पोतं घेऊन. ते टेंपोत चढवताना त्यांनी आपल्या थोरल्या भावाला एकच गोष्ट विचारली. हवा, शेजार, घराची कौलं, कशाबद्दल काही नाही.

"दादा, पानी कसं हाय रं तितं?"

"गोड हाय," हे म्हणाले. "आनि पार वर हाय. वाकून हात घातला की लागतं."

भाऊजी नुसते हसले. खोपोलीखालच्या आपल्या गावात असलं बोलणं कोण खरं मानणार.

आम्ही गावी का परतलो नाही, हे तुम्ही कुणी तोंडावर विचारलं नाही, पण पोटात ते होतंच. घरातली आमची खोली तुझ्या सचिनच्या लग्नात त्याला दिली, ती काही परत मागायची नव्हती. आणि यांची छाती. सगळी नोकरी रसायनात गेली, वर कॉलनीत रात्रीचा तो वास, खिडक्या लावल्या तरी आत येणारा. डॉक्टर म्हणाले, समुद्राच्या हवेत राहा. समुद्राची हवा केमिस्टकडे मिळत असल्यासारखं सहज म्हणाले. यांनी मात्र ते मनावर घेतलं आणि फंड आला तो सगळा घालून मुरूडच्या पुढे किनाऱ्याला लागून एक कौलारू घर घेतलं, मागे छोटीशी वाडी आणि वाडीत विहीर. दुसरं घर घेण्याची ऐपत आता नाही. इथेच डोळे मिटायचे असं ठरवूनच आम्ही आलो.

पहिली दोन वर्षं मी तुला फोनवर सांगितलं ते सगळं खरं होतं. भोंगा नाही, गाड्या नाहीत, कुणाची मिक्सरची घरघर नाही. मला तर सुरुवातीला शांततेनेच झोप लागेना. यांचा खोकला सुटला. मी नारळाच्या झावळ्या विणायला शिकले, ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर गुडघाभर पाण्यात उभी राहायला शिकले. कळंबच्या माळावर वाढलेली मी, आमच्याकडे मासा म्हणजे शेतात चढलेला मळ्या. इथे बाजारात माशांची नावं ऐकूनच गोंधळायची.

हे सगळं शिकवलं ते शेजारच्या अनसूयाकाकींनी. एकट्याच राहायच्या. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. तीत सुपारीची झाडं, पोफळी म्हणतात इथे, त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. वर्षाचा त्यांचा खर्च त्या पोफळींवर चालायचा. उन्हाळा चढला की काकी सकाळी एकदाच पाणी काढायच्या आणि मग दिवसभर कुणाला विहिरीला हात लावू द्यायच्या नाहीत. विहीर निजलीय म्हणायच्या. हे मला हळूच विचारायचे, विहीर निजते तर घोरत कशी नाही. आम्ही दोघं हसायचो. त्यात कुणाला कमी लेखायचं नव्हतं, पण आपल्याकडची माणसं आपण, हसणारच.

आपल्या गावच्या विहिरीचं तुला काय सांगायचं, रोज तीच ओढतेस तू. तरी लिहिते, कारण त्याशिवाय यांनी काय केलं ते कळायचं नाही. काळ्या दगडातली विहीर, होळी झाली की तळ दिसायचा. मग मामंजी दोन्ही मुलांना पहारी घेऊन आत उतरवायचे आणि विहीर हातभर खाली न्यायचे. दर साली हातभर. वरून मामंजींचा एकच घोष असायचा, "पानी खालीच हाय, तुमालाच कटाळा आलाय." आणि पाणी लागायचंच. या दोघा भावांनी आयुष्यात दुसरं काही मानलं असेल नसेल, पाणी खाली असतं एवढं मानलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात इथली विहीरही उतरली. इथली माणसं अशा वेळी कमी पाण्यात भागवतात. यांना ते आळशीपणाचं वाटलं. यांनी भाऊजींना फोन केला. ते गावातली दोन माणसं आणि पहारी घेऊन आले, तू बांधून दिलेल्या भाकऱ्या अजून मऊ होत्या. दगड नव्हताच, नुसती वाळू, ती ढासळायची, म्हणून सिमेंटच्या रिंगा आणून सोडल्या. हातभर नाही, चांगलं पुरुषभर खाली गेले. पाणी असं आलं की भाऊजी भिजूनच वर आले. नारळ फोडला, मी गोडाचं केलं. अनसूयाकाकी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं आणि घरात गेल्या.

पंप बसवल्यावर यांना राहवेना. एकटीने म्हातारीने किती शेंदायचं म्हणून यांनी कुंपणावरून पाइप टाकला आणि काकींच्या पोफळींनाही पाणी सोडलं. रोज, भरपूर. एवढं खूश मी यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

भाऊजी गेल्यावर काही दिवसांनी डाळ शिजेना. मी वाण्याशी भांडून आले. मग चहा फाटायला लागला, मी दूधवाला बदलला. मग एका सकाळी चूळ भरली आणि कळलं. पाणी खारट होतं. काकींची विहीर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तीही खारट झाली होती. पोफळींची पानं टोकाकडून करपत खाली आली. नारळ खाऱ्या पाण्यात तग धरतो. पोफळ नाही धरत.

हे काकींच्या अंगणात जाऊन उभे राहिले. काकीच बोलल्या.

"भावजी, मला ठाऊक होतं खाली गेलं की समुद्र येतो. पण नव्या माणसाला त्याच्याच वाडीत काय करू नको ते कसं सांगायचं? म्हणून गप्प राहिले. तुमच्याइतकीच माझी चूक."

त्या चिडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर आम्ही पाय धरले असते. त्यांनी आम्हाला तेवढंही ठेवलं नाही.

जे जे कुणी सांगितलं ते केलं. पंप काढला, खालचा भाग वाळूने बुजवला. दोन पावसाळे विहीर काठोकाठ भरली आणि दोन्ही वेळा शिमग्याच्या आत पाणी खारट झालं. जाणती माणसं म्हणतात, खार उतरायला बरीच वर्षं लागतील. किती, ते कुणी सांगत नाही. काकींनी वाळलेल्या पोफळी एकेक करून तोडायला लावल्या. नंतर त्यांची लेक आली आणि त्यांना पनवेलला घेऊन गेली. जाताना काकींनी तुळस माझ्याकडे दिली. मी तिला टँकरचं पाणी घालते. टँकर कधी येतो, कधी येत नाही. विकायचं म्हटलं तर हे घर घ्यायला कोण येणार? शांतता मात्र आता आणखी वाढली आहे. तिच्यात यांचा खोकला स्पष्ट ऐकू येतो, तो परत सुरू झालाय.

हे सगळं तुम्हाला ठाऊक नाही. यांनी सांगू दिलं नाही. भाऊजी गावात अजून सांगत असतात म्हणे, समुद्राच्या उशाशी आम्ही गोडा झरा काढला. म्हणूनच गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, की काकींचं घर विकायला निघालंय ते सचिन बघतो म्हणतोय. शांत गाव, किनारा, वर काकाचा शेजार. हे म्हणाले, या की, वाट बघतो.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, पाण्याचं का नाही बोललात. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आपली मानसं शेजारी आली ना, की पान्याचं काय बी बघता येईल गं."

मला राग आला नाही. रडू आलं. मलाही तेच हवंय, मंदा. कुंपणापलीकडे तू हवीस, तुझ्या सुनेची बडबड हवी, नातवाने आमची झोपमोड केलेली हवी. सकाळी हे विहिरीतून ओंजळभर पाणी काढतात, चाखतात, थुंकतात, आणि म्हणतात, आज जरा कमी वाटतं, नाय गं? मी चाखते आणि हो म्हणते. कमी झालेलं नसतं. यांना मी रोज हो म्हणेन. तुला म्हणवत नाही, म्हणून यांना न सांगता लिहिते आहे. सचिनला ते घर घेऊ देऊ नकोस. हे वाचून तो येणार नाही, आणि काकींचं ते दार बंदच राहील, हे मला कळतं.

आपल्या दारात कुणी आलं की कोण, कुठला विचारायच्या आधी आपण तांब्या पुढे करतो. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसत असला तरी सासूबाईंनी कधी कुणाला कोरडं पाठवलं नाही. माझ्यासाठी घर म्हणजे तेवढंच होतं. इथे छप्पर आहे, वाडी आहे, समोर समुद्र आहे, आणि तांब्यात घालायला काही नाही.

भेटायला मात्र नक्की या. येताना पाणी घेऊन या.