दिलीपसाठी होकायंत्र

कर्जतला गाडी थांबली की अर्धा डबा वडे आणायला खाली उतरतो. मीही उतरले, पण सामानासकट. मिरजेपासून माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी खिडकीतून शेवटचं विचारलं, "कर्जतला काय काम काढलंत?"

"भावाला होकायंत्र निवडून द्यायचंय."

"होकायंत्र? बोटीवर असतं ते?"

"हो. तुम्हाला ठाऊक नाही का? कर्जतला समुद्र आलाय." बाईंनी तोंड फिरवलं आणि वड्यात लक्ष घातलं.

आता तुम्हाला नीट सांगते. दिलीप माझा मामेभाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा, आता निवृत्त. बायको गेल्यापासून दर रविवारी एकटा डोंगरात जातो आणि सोमवारी माणसात येतो. गेल्या वर्षी माणिकगडावरून उतरताना ढगात वाट चुकला आणि रात्रभर रानात बसून राहिला. सकाळी गावकऱ्यांनी शोधून आणला. पुण्याला त्याची मुलगी वैशाली असते. तिने सरळ सांगितलं, "बाबा, एकटं डोंगरात जाणं बंद. नाहीतर घर विकायचं आणि पुण्याला माझ्याकडे राहायचं." पुण्यात नवव्या मजल्यावर दिलीप! महिनाभरात वाळून गेला असता, हे मी लिहून द्यायला तयार होते. शेवटी बाप-लेकीत तडजोड झाली. त्याच माणिकगडावरून, फोन बंद ठेवून, नुसत्या नकाशा आणि होकायंत्रावर त्याने दोघींना खाली आणायचं. आणलं तर रविवार त्याचे. नाही आणलं तर पुणे. दोघींतली दुसरी मी, कारण मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि दिलीपला वाटतं भूगोलवाल्यांना सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी खरेदी. कर्जतच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात होकायंत्र मिळालं, म्हणजे दुकानदाराने तसं म्हटलं म्हणून. आठ दिशांना आठ देव, मध्ये सोनेरी ॐ आणि त्याखाली कुठेतरी बिचारी सुई.

"कुटं घेतलाय प्लॉट, ताई?" दुकानदाराने विचारलं. "नेरळ साइडला का कोंदिवड्याला?"

"प्लॉट नाही घेतलेला. डोंगरात जायचंय."

"डोंगरात? मग हे कशाला? आमी हे प्लॉटवाल्यांना देतो. दरवाजा पूर्वेला हाय का नाय बघाया."

खरं होतं त्याचं. या तालुक्यात आता भातापेक्षा फार्महाउसं जास्त उगवतात आणि प्रत्येक एजंटाच्या खिशात असला एक ॐ असतो. पाटी काय, 'पूर्वमुखी, निसर्गाच्या कुशीत'. निसर्गाच्या कुशीत बुलडोझर घालायचा आणि मग दरवाजा पूर्वेला काढून पाप धुवायचं! मी ती वस्तू दोन बोटांनी उचलून परत ठेवली.

मग दिलीपच्या स्कूटरवर मागे बसून मी त्याच्याबरोबर चौक गावाकडे निघाले. माझ्या वयाला हे शोभतं का, असं कोणी विचारू नये. रस्त्यावरचे खड्डे मोजत बसावं की देवाचं नाव घ्यावं, एवढाच प्रश्न होता. चौकात जुन्या हायवेवर गॅरेजं आणि ढाबे एकाला एक लागून आहेत. गाड्यांचं सामान विकणाऱ्याने एक काचेचा गोळा दाखवला, गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचा. गोळ्याच्या पोटात बुडबुडा आणि बुडबुड्याबरोबर दिशा तरंगत होत्या. "यात उत्तर कुठली?" मी विचारलं. त्याने गोळा हलवून पाहिला आणि म्हणाला, "थांबा, येईल." आम्ही थांबलो नाही, शेजारी मिसळ खाल्ली. मिसळ मात्र झणझणीत होती. दिलीपच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तो पाव मागवत राहिला.

खालापूरला एक मोठं दुकान असल्याचं दिलीपला कोणीतरी सांगितलं होतं. 'ट्रेकिंगसाठी सर्व काही.' आत खरोखरच सर्व काही होतं. आपोआप फुगणारी उशी होती, काठीला शॉक अॅब्झॉर्बर होता. पूर्वी या भागातली माणसं गवताचे भारे घेऊन याच डोंगरांवरून अनवाणी उतरायची आणि त्यांच्या गुडघ्यांना कोणी शॉक अॅब्झॉर्बर बसवला नव्हता. विक्रेता तरतरीत होता. त्याने पितळेचं एक जडशीळ यंत्र काढलं. झाकण, भिंग, आरसा, वर कोरलेलं गलबत.

"मॅडम, आर्मीवाले हेच वापरतात."

"गलबत कोरलेलं?"

तो गडबडला नाही. दुसरं काढलं. "यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक अॅडजस्ट होतो. फार महत्त्वाचं असतं ते."

"असतं, परदेशात. आपल्याकडे तो फरक नसल्यातच जमा आहे. फुकटच्या स्क्रूला कशाला भुलवतोस?"

तो हसला आणि त्याने पाच-सहा होकायंत्रं एकदम काउंटरवर मांडली. प्रत्येक सुई वेगळीकडे बघत होती. खाली लोखंडी चौकट, बाजूला स्पीकर, शिवाय एकमेकांच्या सुया. असल्या ठिकाणी होकायंत्र विकणारा आणि घेणारा दोघेही धन्य! मी एकेक उचलून बाहेर, गाड्यांपासून लांब मोकळ्या जागेत नेलं. दोन यंत्रांच्या सुया अडखळत होत्या, बाकीच्यांत बुडबुडे होते. शेवटी पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीचं एक साधं यंत्र राहिलं. कडेला मोजपट्टी, फिरणारी कडी, आत द्रवात डुलून चटकन स्थिरावणारी सुई. पट्टी नकाशावर ठेवायची, जायच्या जागेकडे वळवायची, कडी फिरवून उत्तर जुळवायची, मग स्वतः गोल फिरत सुईचं लाल टोक कडीतल्या खुणेवर आणायचं. पट्टीवरचा बाण दाखवेल तिकडे चालायचं. झालं शास्त्र. दिलीप दुकानाबाहेर उभा राहून खेळण्यासारखा तेच करत राहिला आणि एका कुत्र्याला अडखळून जवळजवळ गटारात गेला.

"हे घे," मी म्हटलं. "आणि जपून ठेव. तुझं घर याच्यावर अवलंबून आहे."

"ठाऊक आहे गं, नलूताई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

शनिवारी संध्याकाळी वैशाली पुण्याहून गाडी घेऊन आली. येताना बापासाठी एक बटवा घेऊन आली होती. कातडी, पट्ट्याला अडकवायचा, झाकण नुसतं सोडलं की टपकन आपोआप बसायचं. "बाबा, होकायंत्र यात ठेवा. हरवणार नाही, ओरखडे पडणार नाहीत." दिलीपने ते तिथल्या तिथे बटव्यात घातलं आणि रात्री उशाशी ठेवून झोपला. परीक्षा घ्यायला आलेली मुलगी आणि त्या परीक्षेसाठीच बटवा! या मुलीचं मला कधी कळलं नाही.

पहाटे निघालो. गणपती होऊन गेले होते, पण ढग मुक्काम हलवायला तयार नव्हते. चौकावरून रसायनी, कारखान्यांचा तो नाकाला झोंबणारा वास, मग पाताळगंगा ओलांडून वाशिवली. गावात एक म्हातारी अंगणात वाल निवडत बसली होती. तिने दिलीपकडे निरखून पाहिलं.

"हे तेच काका नाय का गं? गेल्या वर्साला रातभर वर व्हते ते?"

"तेच," वैशाली म्हणाली.

"अरं देवा! पुन्ना आला? सांजच्याला ये रं बाबा घरी. आमचे पोर काय तुला रोज शोधणार नाय."

दिलीप हसला, पण त्याचे कान लाल झाले.

चढताना होकायंत्राची गरजच नव्हती. वाट ठसठशीत, ऊन पडलेलं, मागे प्रबळगडाचा माथा दिसत होता. सोनकीची पिवळी फुलं, ओढ्याचं पाणी आणि वैशालीचा बूट, ज्याचा तळ अर्ध्या वाटेत सुटला. एवढा महागाचा बूट! दिलीपने पिशवीतून सुतळी काढून तो बांधला. माथ्यावर उघड्यावर एक जुनी महादेवाची पिंडी आहे. तिच्यापाशी बसून तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. खाऊन हात धुतो न धुतो तोच दरीतून ढग वर आला आणि दहा पावलांवरचं झाड दिसेनासं झालं.

"चला, मास्तर," मी म्हटलं. "आता तुमचा तास."

दिलीपने नकाशा पसरला. गाव वायव्येला. पट्टी ठेवली, कडी फिरवली, उभा राहून गोल वळला आणि बाण दाखवेल तिकडे निघाला. आम्ही मागे. पिंडीला वळसा घालताना तो थबकला.

"नलूताई, पिंडीची पन्हळ, अभिषेकाचं पाणी वाहून जातं ती खाच, कुठल्या दिशेला असते?"

"उत्तरेला. शेंबड्या पोरालाही माहीत असतं."

"मग ही बघ. सुईचं लाल टोक बरोबर उलटीकडे आहे."

"अरे, गुप्तधनवाल्यांनी फिरवली असेल पिंडी! गडावर एक दगड जागेवर ठेवतात का मेले? यंत्रावर विश्वास ठेव. मी निवडलंय."

"बाबा, चुकलात तर कुठे जाल?" वैशालीने विचारलं.

"पेणच्या बाजूच्या जंगलात. गेल्या वर्षीसारखं."

वैशालीच्या हातात फोन होता. "मी एकदा बघू?"

"बघ ना. तुझा फोन, तुझा बाप." दिलीपने नकाशाची घडी घातली. "पण मग मी हरलो."

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्या हातात कोंबला. "आत्या, तू धर. माझ्याजवळ राहिला तर मी उघडेन." तिचे डोळे भरले होते. आणि मी? खालापूरच्या दुकानदाराला शहाणपण शिकवणाऱ्या मी तो फोन पिशवीच्या तळाशी दडवला, नाहीतर मीच उघडला असता.

दिलीप पिंडीशेजारी बसून राहिला. काही करेना. मला वाटलं, संपलं, घर विकलं. तेवढ्यात ढगाच्या पोटातून बारीक, लांबट आवाज आला. रसायनीच्या कारखान्याचा भोंगा, पाळी सुटल्याचा. आवाज पन्हळीच्या बाजूने येत होता.

"रसायनी इथून उत्तरेला," दिलीप उठला. "महादेव आणि कारखाना एकच सांगतायत. सुईच उलटी झालीय. लाल टोकाच्या जागी पांढरं धरू."

"पण उलटी होईल कशी?" मी म्हटलं. "खालापूरला मी स्वतः तपासली."

त्याने कमरेचा बटवा सोडला आणि होकायंत्राजवळ नेला. सुई गरकन फिरून झाकणाला चिकटायला धावली. टपकन बसणाऱ्या त्या झाकणात चुंबक होतं. रात्रभर सुई त्याच्या कुशीत निजली आणि उत्तर-दक्षिण विसरली. वैशालीने तोंडावर हात ठेवला.

"बाबा, मीच..."

"छान आहे बटवा," दिलीप म्हणाला. "यात सुपारी ठेवीन."

उतरताना त्याने घाई केली नाही. ढोरवाटा (गुरांनी पाडलेल्या वाटा) जिथे जिथे फुटत होत्या तिथे तिथे थांबला, पांढरं टोक धरून पाहिलं, नकाशा पाहिला, मग पाय टाकला. ढगाखाली आलो आणि समोर वाशिवलीची कौलं दिसली. म्हातारी अजून वाल निवडत होती. "आलं गं बाय, उजेडात आलं!" असं ती शेजारणीला ओरडून सांगत होती. वैशाली गाडीशी गेली, परत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. "रविवार तुमचे," म्हणाली. सुतळी बांधलेल्या बुटासकट ती मला त्या दिवशी फार आवडली.

कर्जतला परतल्यावर मी त्याच बटव्याचं चुंबक सुईवरून उलटं फिरवून तिला ताळ्यावर आणलं आणि गच्चीतून मावळत्या सूर्याशी ताडून पाहिलं. बटवा दूरच्या कपाटात बंद केला. दुसऱ्या दिवशी गाडीने मिरज.

पुढच्या रविवारी दिलीप एकटा गेला. सकाळपासून वैशालीचे मला फोन. "आत्या, बाबांचा काही निरोप?" मिरजेत बसून मला काय निरोप येणार! तिला झापलं आणि मग मीही भाजी चिरायची सोडून फोनपाशी बसून राहिले. दिवेलागणीला घंटी वाजली.

"पोचलो गं, नलूताई. मस्त झालं."

"सुई नीट चालली?"

"होकायंत्र घरीच राहिलं. इथे फळीवर आहे. वैशालीला सांगू नकोस."

त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन दुकानं, स्कूटर, माझी कंबर, सगळं काढलं. मग फोन ठेवून डोळे पुसले आणि वैशालीला लावला.

"पोचला तुझा बाप. सुखरूप."

"देवा! आणि सुई? उत्तरच दाखवत होती ना दिवसभर?"

"हो," मी म्हटलं. खोटं काय होतं त्यात? फळीवर पडल्या पडल्या दिवसभर ती उत्तरच दाखवत होती.