लिंबाखालची काठी

नातीला कराटेला घालावं की ज्युदोला, यावर घरात वाद चाललाय. मी आपली कोपऱ्यातल्या काठीला तेल लावत बसले, आणि त्या वासानं येडशीची तालीम समोर आली.

रझाकारांचे दिवस सरले होते, पण पुन्हा पळायची वेळ आली तर म्हणून आईचं गाठोडं दाराशी बांधलेलंच असे.

वस्तादांनी भावाला तालमीच्या मातीत घेतलं. पोरींना ती माती बंद. मी घराकडं वळले, तर वडील म्हणाले, "वस्ताद, हिलाबी कायतरी शिकवा."

"काठी शिकंल. बाहेर लिंबाखाली."

महिन्याभरानं मी अंगणात काठी फिरवत होते. आई उंबऱ्यात बसून बघत राहिली. मग उठून तिनं गाठोडं सोडलं, लुगडी फडताळात लावली.

मला तेव्हा वाटलं, आवराआवर चाललीय.