रेघेच्या बाहेरचं पान

ओतूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. आमच्याकडे पुस्तकं वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे जातात. ज्यात मी सांगितलेल्या ‘आयएमपी’ वाक्यांखाली रेघा मारलेल्या असतात, त्या पुस्तकाला कोऱ्यापेक्षा जास्त मागणी. मुलं त्याला ‘पिकलेलं पुस्तक’ म्हणतात. मला या नावाचा अभिमान वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. लोणीकडची, इथे मावशीकडे राहून शिकणारी. चाचणीत मी विचारलं, ‘कालव्याच्या पाण्यानं गावातली विषमता कमी होते, हे लेखकाचं मत स्पष्ट करा.’ सगळ्यांनी रेघ मारलेली वाक्यं उतरवली. तिनं लिहिलं, हे मत पटत नाही; पाणी ज्याच्याकडे जमीन आणि मोटर आहे त्याच्याकडे जातं, बाकीचे त्याच्याच वावरात ऊस खुरपायला जातात. मी उत्तरावर काट मारली. शेरा लिहिला, ‘लेखकाचं मत विचारलं आहे, तुमचं नाही.’

ती मागच्या बाकावर जाऊन बसू लागली. पुढच्या चाचणीत तिनं रेघ मारलेली वाक्यं जशीच्या तशी लिहिली. मी भरपूर मार्क दिले आणि पोरगी सुधारली म्हणून खूश झालो.

मग माझं पुस्तक कुणीतरी नेलं ते परत आलं नाही. तासासाठी मी ग्रंथालयातून कोरी प्रत आणली. तिच्यात रेघा नसल्यामुळे नजर कुठे थांबेना, म्हणून कित्येक वर्षांनी ते प्रकरण सलग वाचलं. पाण्यानं विषमता कमी होते हे लेखकाचं मत नव्हतंच. ते इतरांचं मत म्हणून त्यानं आधी मांडलं होतं, आणि पान उलटल्यावर खोडून काढलं होतं. जवळजवळ त्या मुलीच्याच शब्दांत. मी मात्र मांडणीखाली रेघ मारून घेतली होती. दरवर्षी.

पहिला विचार आला, हे कुणाच्या लक्षात येणार नाही. त्या विचाराची मला चुकीपेक्षा जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून पान दाखवलं. तिला नवल वाटलं नाही.

“वाचलं व्हतं सर. मला वाटलं, माझंच समजायला चुकलं असंल. रेघ तर तुमची व्हती.”

“मग विचारलं का नाहीस?”

“काट मारल्यावर काय विचारायचं? आता मी रेघेच्या बाहेर वाचतच न्हाई. टाइम जातो उगं.”

तिचे मार्क मी दुरुस्त केले. पण तिचं ते वाक्य माझ्याच्यानं दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

तासाला वर्गाला सगळं सांगितलं. मागून एक जण पुटपुटला, “सरांनीच बांध कोरला राव.” शेताची हद्द चोरून सरकवणाऱ्याला म्हणतात तसं. वर्ग हसला, हसण्यासारखंच होतं. मग पुस्तकं उघडायला लावली. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलनं लिहायचं, हे कोण बोलतंय: लेखक, की लेखक ज्याचं ऐकवतोय तो? पुरावा काय दिलाय? आपल्या गावात तसं दिसतं का? तासाभरात जेमतेम दोन पानं झाली. मुलं कुरकुरली, परीक्षेला मग आयएमपी कोणतं? मी पुढचा परिच्छेद वाचायला लावला. ती मागे पुस्तक मिटूनच बसली होती.

असे बरेच तास गेले. एकदा पारगावच्या बाजूच्या ऊसतोडीचं उदाहरण देत मी सांगत होतो, यंत्र आलं की मजुरांना गावातच दुसरं काम मिळतं. मागून तिचा आवाज आला, “सर, हे पुस्तक म्हणतंय का तुमी?”

मी पानावर पाहिलं. तिथे तसं काही नव्हतं.

“मी म्हणतोय,” म्हटलं.

“पुरावा?”

“नाही.”

तिनं पुस्तक उघडलं, समासात काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.