आग्वेतची वाट अडवणारी सून

ताइनानच्या मासळीबाजारात आग्वेतच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. सबाही माशाचा काटा न् काटा काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि सुनेला टोमणे मारण्यातही नव्हतं. "आमची स्यूहून? मासा साफ करायला दिला तर त्याचीच माफी मागत बसेल!" हे तिच्या दुकानात गिऱ्हाइकांना माशाच्या पेजेबरोबर फुकट ऐकायला मिळे.

त्या वर्षी गल्लोगल्ली डेंग्यू पसरला आणि म्हातारीही त्यात सापडली. तापाने फणफणली, हाडं ठणकली. स्यूहूनने तिला दवाखान्यात घातलं. चार दिवसांनी ताप उतरला, तसं बाईसाहेबांनी फर्मान काढलं, "माझ्या चपला आण! उद्या बाजारात भुकेल्या भुतांचा नैवेद्य आहे, पहिली उदबत्ती माझीच असते. आणि भुतं मोकाट फिरतात त्या महिन्यात दवाखान्यात कोण राहतं गं? मरायचंय का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, खरा धोका ताप उतरल्यावरच असतो. रक्तातल्या प्लेटलेट घसरताहेत, आणि दाह दाखवणारे आकडे चढतच चाललेत. हे दुखणं जोर धरणार, असं रक्त सांगतंय. दोन दिवस नजरेखाली राहा."

"अंग गार आहे माझं! हात लावून बघ!" म्हणत आग्वेत खाटेवरून उतरलीसुद्धा.

स्यूहून दारात आडवी उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती सासूला उलटून बोलली नव्हती.

"आई, वरून चकचकीत दिसला म्हणून तुम्ही कधी मासा घेतलात? पोट बघितल्याशिवाय? डॉक्टरीणबाईंनी तुमचं आतलं बघितलंय. जायचंच असेल तर मला ओलांडून जा."

"फारच तोंड फुटलंय गं तुला!" आग्वेत गुरगुरली. पण पोट न बघता तिने जन्मात मासा घेतला नव्हता. भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली.

संध्याकाळी पोटात कळ उठली, हातपाय गारठले, नाडी लागेना. नर्सबाई तयारीतच होत्या, लगेच सलाईनचा जोर वाढवला. हेच घरी झालं असतं, तर म्हातारी तिथंच आटोपली असती. स्यूहून तिचे तळवे चोळत रडत होती.

तिसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई हसतच आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दाह उतरला, आजी! प्लेटलेट चढल्या!"

"मग हळू काय सांगतेस? ओरडून सांग की!" आग्वेत स्वतःच ओरडली, आणि सगळ्या वॉर्डाने टाळ्या पिटल्या.

पुन्हा पेजेचं दुकान उघडलं त्या दिवशी तिने सुरी फळीवर आपटली. "ऐका रे सगळे! मी मरायला निघाले होते, या पोरीने मला दारात अडवलं. हिला कुणी नावं ठेवली तर गाठ माझ्याशी आहे!"

"नावं तर तुम्हीच ठेवता, आजी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"ती मीच ठेवणार! सासू आहे मी तिची!"

बाजार खदखदून हसला. स्यूहूनने डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पुरे आता, आई. बसा तिथं. पेज मी वाढते."

आणि आग्वेत चक्क बसली.