मेंढरांना कळणारी रिंग

पिंपरी पेंढारच्या यमाजीच्या मोबाइलवर त्याच्यापेक्षा त्याच्या मेंढरांचा हक्क जास्त. बटणांचा फोन, मागचं झाकण लोकरीच्या दोऱ्याने बांधलेलं आणि रिंग अशी की शेजारच्या रानातल्या माणसाने आपलाच खिसा चाचपावा. त्याला फोन करणारं माणूस जगात एकच, बायको तानूबाई. दिवस कलला की ती मेंढरांसाठी मक्याचा भरडा भिजवायची आणि फोन लावायची. खिशात रिंग वाजताच चंदी नावाची म्होरकी मेंढी मान वर करून घराकडे वळायची, तिच्या मागे अख्खा कळप. यमाजी फोन उचलायचासुद्धा नाही. ज्यांचा निरोप त्यांना तो पोचलेला असायचा.

यंदा चराई डोंगराच्या पलीकडे गेली आणि तिथे रेंजच नाही. तानूबाई फोन लावून लावून दमायची, मेंढरं अंधारापर्यंत रेंगाळायची. हाकललं तर चंदी पुढाऱ्यासारखी जागची हलायची नाही. आणि वाटेत ऊस, उसात बिबट्या. ओढ्याकाठी पंजाचे ठसे दिसल्यापासून यमाजीला भाकर गोड लागेना.

"आबा, कंपनी बदला," मुलगा सोमनाथ म्हणाला. "दुसरीची तिकडं फुल रेंज हाय. नंबर तोच ऱ्हातो."

"नंबर घाल चुलीत. फोन ऱ्हातो का?"

बापलेक ओतूरला स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानातली हर्षाली फोन बघून म्हणाली, "काका, स्वस्तातल्या कंपनीचं कार्ड ह्यात नाय चालायचं. नवीन फोन घ्यावा लागंल."

यमाजीने फोन बंडीत कोंबला आणि तो दाराकडे निघाला.

"अहो, थांबा! दुसऱ्या कंपनीचं चालतंय. कार्ड नवीन, फोन हाच."

"आन् आवाज? वाजायचा आवाज कारडात असतो का फोनात?"

"फोनात."

"नक्की? कारडाबरोबर गेला तर मेंढरं कुणाच्या जिवावर घरी आणू?"

सोमनाथने सगळी हकीकत सांगितली. रिचार्जला आलेला एक जण हसत म्हणाला, "पावणं, मग कार्ड मेंढीच्याच नावावर घ्या की!"

"तिचं आधार कार्ड न्हाई," यमाजी गंभीरपणे म्हणाला.

नंबर नव्या कंपनीकडे गेला की जुनं कार्ड आपोआप बंद पडेल, मग नवं घालायचं, असं ठरलं. मग यमाजी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा फोनपाशी बसू लागला. "गेलं का रं?" असं सोमनाथला उठता-बसता विचारी. एका सकाळी गेलं. सोमनाथने नवं कार्ड घातलं, दोरा बांधला आणि यमाजी मेंढरं घेऊन निघाला.

सांज झाली. फोन गप्प. ऊन डोंगराच्या माथ्यावर सरकलं तरी गप्प. खाली उसाकडे तोंड करून कुत्रं गुरगुरायला लागलं. यमाजीने फोन कानाशी धरून हलवून बघितला. आवाज गेलाच म्हणायचा. त्या पोरीने गोड बोलून रिंग काढून घेतली!

आणि फोन वाजला. तोच आवाज. चंदीने मान वर केली, कान टवकारले आणि वळली. यमाजीने आनंदाच्या भरात आयुष्यात पहिल्यांदा तो उचलला.

"अगं, वाजला!"

"मग उचलला कशाला?" तानूबाई खेकसली. "मेंढरांना आइकू तरी दिलं का?"

पण जुन्या कंपनीने यमाजीची कधी विचारपूस केली नव्हती, नवी मात्र भलतीच मायाळू निघाली. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी रिंग वाजली आणि चंदी अर्धपोटी घराकडे चालती झाली. तिला कशीबशी परत आणली, तर पुन्हा रिंग! यमाजी कळपामागे धावत फोनमध्ये ओरडला, "बाई, पाया पडतो, चरू द्या त्यांना!"

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "नवीन ऑफरसाठी एक दाबा."

तेव्हापासून तो फोन दिवसभर बंद ठेवतो आणि सांजेला चालू करतो. चालू होताना फोन टिंगटिंग असा सूर काढतो. चारआठ दिवसांत चंदीने तोही ओळखला. आता तानूबाईचा फोन येतो तेव्हा मेंढरं ऊस ओलांडून गावाच्या वाटेला लागलेली असतात. त्यावरून ती रुसलीय, पण बिबट्याच्या वेळेआधी कळप दारात येतो.

यमाजी काही निवांत झालेला नाही. परवाच तो एकटा एसटीने ओतूरला गेला आणि हर्षालीला हळूच म्हणाला, "पोरी, चालू व्हतानाचा त्यो सूर... त्योबी फोनातच असतो न्हवं?"