आईचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवताना
ज्येष्ठमधाच्या काढ्याचा वास आला की वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, ऊर्जानगरच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी आईच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सूरजागडकडच्या आमच्या गावातलं लग्नाचं एक गोंडी गाणं आता तिलाच येत होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं, तर म्हणाली, "आवाज नोको भरू. मी मेल्यावर आयकून रडत बसशीन. लिहून घे." म्हणून स्वरलिपीची दोन सॉफ्टवेअर उतरवली, एक फुकटचं पण किचकट, दुसरं देखणं, पण चाचणीपुरतं, थोडाच वेळ फुकट चालणारं. मी देखणं निवडलं. ती काढ्याचे घोट घेत गायली, मी तासभर स्वर टिपले. सेव्ह दाबणार, तोच 'मुदत संपली' अशी पाटी आली आणि सगळं बंद झालं. पुन्हा उघडलं, तर एकही स्वर उरला नव्हता. "काऊन थांबला रे?" तिनं विचारलं. सांगताना मला रडू फुटलं. "मंग दुसऱ्यात लिही," म्हणत ती फाटत चाललेल्या आवाजात पहिल्यापासून गायली. या खेपेला मी दर ओळीला सेव्ह करत होतो. ऑपरेशननंतर तिचा आवाज गेलाच. आता माझी मुलगी ते लिहिलेले स्वर पाहून गाते, तेव्हा एका जागी आई हात वर करून तिला थांबवते. तिथला एक स्वर मी चुकीचा लिहिलाय. खरा कोणता, ते आम्ही अजून तिच्या मानेच्या होकार-नकारावर शोधतोय.