वायफायला लावलेलं कुंकू

आमच्या हिच्या वर्षश्राद्धाला यायला परदेशातल्या आमच्या पोरीला रजा मिळाली न्हाई. "दादा, कॉम्प्युटरवर तरी दाखवा," म्हणली. मला, बापाला, ती दादाच म्हणती. आई गेली तेव्हाही तिला तोंड बघायला मिळालं न्हव्हतं. मी हो म्हणलो.

कॉम्प्युटर तिचाच, जाफराबादच्या घरी ठेवून गेल्ती. वरती कॅमेरा, आत विंडोजच्या जागी तिनं टाकलेलं लिनक्स. इंटरनेट मात्र रस्त्यापलीकडच्या गुरुजींकडं. वायर ओढली, ती कडब्याच्या गाडीनं दोनदा तोडली. मंग गुरुजींचं वायफाय पकडणारं, कॉम्प्युटरला खोचायचं बिनवायरीचं यंत्र आणायचं ठरलं.

फोनवर पोरगी म्हणली, "दादा, खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या मालात आतली चिप बदलतात. लिनक्सवर एक चालती, दुसरी न्हाई. मागं बारीक अक्षरात व्ही वन, म्हणजे पहिली आवृत्ती, असंल तरच घ्या." गुरुजींनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं.

जालन्यातल्या दुकानदारानं चिठ्ठी पाह्यली. "काका, आता व्ही टू आलंय. नवं म्हणजे चांगलंच की."

"चालंल का पण?"

"न्हाई चाललं तर आणून द्या. बिलकुल घेतो."

एकाच छापाच्या पिशवीत दोन तऱ्हेचं बियाणं निघतं, हे मी जल्मभर लोकांला सांगितलं. तिथं मात्र पैसे मोजून मोकळा झालो. घेऊन आलो.

आमच्या घरात कोणतीबी नवी वस्तू आली, मोटर असो का मिक्सर, ही आधी हळदकुंकू लावायची. त्याशिवाय बटण दाबू द्यायची न्हाई. ही गेल्यावर घरात आलेली ही पहिली नवी वस्तू. म्हणलं, आपण लावू. ती करंगळीजवळच्या बोटानं टिकली एवढं लावायची. मी पाण्यात कालवून अंगठ्यानं थापलं, यंत्राला अन् खोक्यालाबी.

यंत्राचा दिवा लागला, पण कॉम्प्युटरनं त्याला ओळखच दिली न्हाई. पोरीनं फोनवरून तासभर काय काय टाईप करायला लावलं. गुरुजींच्या कॉम्प्युटरवर तेच बराबर चाललं. तिथं लिनक्स न्हव्हतं.

परत जालन्याला गेलो. दुकानदारानं ते बोटाच्या चिमटीत धरलं. "काका, हे काय केलं? कुंकू लावलेला माल मी दुसऱ्याला कसा देऊ?"

धोतरानं पुसलं. फटीतला लाल रंग निघंना. त्याचंबी खरंच होतं. व्ही वन कोणत्याच दुकानात भेटलं न्हाई.

गुरुजी म्हणले, आमच्याकडं बसा. पण श्राद्ध दुसऱ्याच्या घरी कसं मांडायचं?

श्राद्धाच्या दिवशी माझा बटणाचा साधा मोबाईल कानाला धरून बसलो.

"दादा, आता काय चाललंय?"

"पान वाढलंय."

"काय काय हाये पानात?"

"हाये सगळं. भात, वडे."

"आईचा फोटो कोणता ठेवलाय?"

"हाये, समोरच हाये."

"दादा, नीट सांगा ना."

मला नीट सांगता येईना. पोरीला घरातलं सगळं सांगायचं काम हिचं. मी आपला बाजूला बसून एवढंच म्हणायचो, बरी हाये का विचार.

"तू बरी हायेस का?" मी विचारलं. तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं.